जिद्द असली की पैसा लागत नाही? दिघ्याला या, बोलू

नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक पोस्ट जोरात फिरते आहे. गरिबांच्या पोरांच्या खेळासाठी वर्गणी मागणाऱ्यांना ती चार गोष्टी सुनावते: खेळाला जिद्द लागते, पैसा नाही, खाशाबांकडे काय होतं, मैदानं सगळ्यांना खुली आहेत, फुकट दिलं की पोरं टिकत नाहीत, आणि खेळायचंच तर गल्लीत खेळा की!

आधी पैलवान खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं हे खरंच. पण तिथवर जायला पैसे नव्हते, म्हणून लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. वर्गणीच्या विरोधात द्यायला नेमका हाच दाखला सापडावा, कमाल आहे.

मैदानं खुली? नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने मैदानं आखली ती सेक्टरांत. दिघ्याचा इलठणपाडा, तुर्भे स्टोअर या वस्त्या ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. मध्ये हायवेसारखा रस्ता आणि रेल्वेचे रूळ. त्यात सरावाच्या वेळेलाच नळाला पाणी येतं आणि हंडे भरायला घरी मुलगीच असते. मैदानाला कुलूप नाही म्हणून ती पोचते, असं नाही.

आणि पोचली तरी पुढे बूट. आमच्याकडच्या मुली कबड्डीचा सराव मातीत, अनवाणी करतात. स्पर्धा मॅटवर. तिथे मॅटचे बूट नसले की पाय सटकतो. मागच्या स्पर्धेत एका टीमच्या मुली सामना संपवून धावत आल्या, बूट काढले आणि पुढच्या गटातल्या मुलींनी ते गरम-गरमच चढवले. एकीला दोन नंबर मोठे झाले. तिने पुढे ओढणीची चिंधी कोंबली. चढाईला गेली, वळताना पाऊल आत फिरलं, तिथेच पकड झाली. आता हिच्या जिद्दीत काय कमी होतं ते पोस्टवाल्यांनी सांगावं.

फुकटचं टिकत नाही, यात थोडं तथ्य आहे. महिना वीस-तीस रुपये घ्यावेत, माझीही ना नाही. पण पोरांच्या आधी गळतो तो प्रशिक्षक. मानधन थकलं की तो टर्फवरच्या, फी घेणाऱ्या अकॅडमीत जातो. त्याचं पोट आहे. त्याला दोष कसा देणार? सर गेले की वर्ग बंद, आणि नाव मात्र पोरांचं.

राहिली गल्ली. गल्लीतल्या खेळाचं प्रमाणपत्र मिळत नाही. शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालच्या गटांत होतात. जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. त्यांतल्या कामगिरीवर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. अकॅडमीतल्या मुलाचे आईबाप या कागदांची फाईल पहिल्या दिवसापासून सांभाळतात. नाक्यावर काम शोधणाऱ्याच्या मुलाचा जन्मदाखला गावी ट्रंकेत असतो आणि तो येईपर्यंत नावनोंदणीची तारीख उलटते.

तेव्हा मागणी फीमाफीपुरती नाही. स्पर्धेच्या दिवशी बस, सरांना वेळेवर मानधन, कागद जमवायला एक माणूस आणि बूट. बुटांचं तूर्त तुम्हीही बघू शकता: ३ ते ६ नंबर, वापरलेले चालतील, सोल फक्त गुळगुळीत झालेला नसावा.