क्लिक पार्केट भिंतीला टेकवू नका: फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

क्लिक पार्केट म्हणजे एकमेकांत अडकवून बसवायच्या लाकडी फळ्यांचं फ्लोअरिंग. ‘क्लिक पार्केटला गोंद लागत नाही, म्हणून फळ्या भिंतीला घट्ट टेकवा, नाहीतर फ्लोअरिंग हलेल’ असा मेसेज फिरतोय. गोंदाचं बरोबर, बाकीचं चूक. हे फ्लोअरिंग सहसा खाली कुठेच चिकटवलेलं नसतं. दमट हवेत लाकूड फुगतं, तेही मुख्यतः फळीच्या रुंदीत. पसरायला जागा नसली की मधोमध फुगवटा येतो, सांधे उचकटतात. म्हणून भिंती, दाराच्या चौकटी, पाइप, सगळीकडे साधारण १० ते १५ मिमी फट पाचरी लावून राखा (नेमका आकडा खोक्यातल्या सूचनापत्रकात असतो, तोच पाळा) आणि शेवटी त्या पाचरी काढा. हे हमखास राहून जातं. फट स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी) झाकली जाते. स्कर्टिंग मात्र भिंतीला ठोका, फळ्यांना नव्हे. फ्लोअरिंग हलतं ते बहुधा खालच्या खड्ड्या-उंचवट्यांमुळे. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.