खुलासा : पुराव्याची हार्डडिस्क ‘नुसती उघडून’ बघू नका

रत्नागिरी-मालवणकडच्या होमस्टे आणि बोटवाल्यांच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘फसवणूक झाली तर हार्डडिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा, सेव्ह केलं नाही तर पुरावा बदलत नाही.’ हे चूक आहे.

विंडोज स्वतःहून डिस्कवर लिहितं. कोरा पेनड्राइव्ह लावा. बहुधा ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ हा लपलेला फोल्डर आपोआप तयार झालेला दिसेल. एक बिट बदलला तरी अख्ख्या डिस्कची एसएचए-२५६ हॅश, म्हणजे डेटावरून काढलेला बोटाच्या ठशासारखा आकडा, बदलते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावी लागते, म्हणून मला हा मेसेज फार घातक वाटतो.

तपासनीस राइट ब्लॉकर (डिस्कवर काहीही लिहू न देणारं साधन) लावून आधी प्रत काढतात, तपासणी प्रतीवरच. तुम्ही डिस्क बाजूला ठेवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.