गच्ची इंदूरची, पत्ता मुंबईचा

लेक जर्मनीत नोकरीला लागली आणि म्हणाली, "आई, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे मी पाठवते." इथवर सगळं झकास होतं. पुढचं वाक्य होतं, "आपल्या बँकेचा स्विफ्ट कोड दे."

स्विफ्ट कोड म्हणजे परदेशातून पैसे मागवताना सांगायची बँकेची ओळख. पासबुकावर छापलेला असतो तो आयएफएससी, देशातल्या देशात चालणारा. तोही अकरा अक्षरी, आणि स्विफ्ट पूर्ण लिहिला तर तोही अकराच. ओळखायची खूण एवढीच, की आयएफएससीत पाचव्या जागी शून्य असतं. स्विफ्टमध्ये पहिली चार अक्षरं बँकेची, मग देशाची दोन, गावाची दोन आणि शेवटची तीन शाखेची.

रामबागेजवळच्या आमच्या शाखेत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आंटीजी, अपनी ब्रांच का तो स्विफ्ट है ही नहीं. हेड ऑफिस का लिख दो." आणि त्यानं चिठ्ठीवर कोड लिहून दिला. गावाच्या जागी बीबी, म्हणजे मुंबई. शाखेच्या जागी एक्सएक्सएक्स. पेपरात शिवी छापताना घालतात तशा तीन फुल्या!

यजमानांनी चिठ्ठी चष्मा लावून वाचली, काढून वाचली. 2017 पासून सफाईत देशात पहिलं येणारं शहर, आणि पैसे मागवायचे तर मुंबईच्या नावावर? होळकरांचं राज्य गेल्यावर त्यांना एवढं लागलं नव्हतं.

तिकडे लेकीच्या फॉर्मला आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते नंबर, हवा होता. तो आपल्याकडे नसतोच. साधा खाते नंबर चालतो, हे तिला पटेपर्यंत माझा फोन तापला.

मला वाटायचं, स्विफ्टमधून पैसे जातात. छे! 1973 मध्ये बेल्जियममध्ये सुरू झालेली ही संस्था नुसते निरोप पोचवते. पैशाची वळतीजमा बँका एकमेकींकडच्या खात्यांतून करतात. दोघींची थेट ओळख नसली की मध्ये तिसरी बँक येते. आमच्याही वाटेत एक आली आणि आपली दलाली कापून गेली. कोण, कुठली, कुणाला ठाऊक! लग्न जमवणारेसुद्धा निदान जेवायला तरी येतात.

रक्कम आली, पण खात्यात पडेना. बँकेतून फोन, "आंटीजी, परपज कोड चाहिए. पैसा किसलिए आया है?"

"छत टपकती है, भैया."

"टपकने का कोड नहीं है. तेरह सौ एक डाल दूँ? फैमिली मेंटेनन्स."

म्हटलं, टाक बाबा. पावसाळ्यात रात्री उठून बादल्या सरकवणं, हाच तर आमच्या फॅमिलीचा मेंटेनन्स आहे.