दुकानातली कादंबरी अन् गुरुजींचं रजिस्टर

तालुक्याच्या स्टँडसमोरच्या पुस्तकाच्या दुकानातली यादी कंडक्टरभाऊनं मोबाइलवर आणली अन् पानठेल्यापुढच्या बाकावर वाद पेटला. महिन्याच्या वाचन-बैठकीत पुढचे तीन महिने कादंबऱ्याच: उद्धव शेळके यांची ‘धग’, सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ अन् रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’.

गुरुजींनी आधी घसा साफ केला. निवृत्त झाल्यापासून गावातला एकही सत्कार त्यांनी सोडलेला नाही, बोलतात तेही पाठ्यपुस्तकासारखं. “साहित्य कसे उदात्त हवे. मन उंचावणारे! आणि तिन्ही कादंबऱ्या आपल्याच भागातल्या? ही निव्वळ प्रादेशिकता झाली.”

“गुर्जी, पुन्याच्या गल्लीतली असली का ते मराठी साहित्य, अन् वऱ्हाडातली असली का प्रादेशिक? हे कोन्या डेपोचं तिकीट होय?”

हा कंडक्टरभाऊ. मुक्कामी गाडी घेऊन आला की रात्री डासांत बसून वाचतो. त्याच्याइतकं वाचलेला माणूस आमच्या पंचक्रोशीत मी पाहिला नाही.

बाप्पा मात्र अडून बसला. “मले सांग, कापसाचा भाव, सोसायटीचं कर्ज, पावसाची दडी, हे बाराई महिने माह्या वावरात चालू हाय. पैसे देऊन तेच कायले वाचू? हसाले येईन असं काई दे ना बे.”

बाप्पाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. आपल्या दुःखाचं पुस्तक झालं की त्यावर शहरातली माणसं हळहळतात अन् आपण तिथंच राहतो, हा राग माझ्याही मनात आहे.

“तुह्या वावरात काय चालू हाय ते तुले माईत,” कंडक्टरभाऊ म्हणाला. “घरात काय चालू हाय ते? ‘धग’मधली कौतिक पाय. नवऱ्याच्या हातून काई होत नाई, ते एकटी संसार वढते. साठ सालची कादंबरी हाय, पन कौतिक बोलाले लागली का माही मायच बोलून रायली असं वाटते. तुही माय काय बोलत होती, कवा आयकलं तू?”

बाप्पा गप्प. मलाही सुचलं नाही काही.

“‘बारोमास’, साहित्य अकादमी, 2004,” एमपीएससीवाला पोट्टा मान वर न करता बोलला. “‘भूमी’, आशा बगे, 2006.”

“वाचली काय बे एखांदी?”

“परीक्षेत लेखक अन् साल येते. कथा येत नाई.”

“मंग ‘बारोमास’ वाचच. त्यातला एकनाथ शिकून सवरून वावरात हाय, मास्तरकीसाठी संस्थेले द्याले पैसे नाई म्हनून. साल पाठ करशीन, पन एकनाथ तुह्या घरातच बसून हाय ते तुले कोन सांगन?”

पोट्ट्यानं मोबाइल खिशात घातला. मला वाटतं कादंबरी यासाठीच असते, अन् आपल्या मातीतली असली तर ती जास्त खोल लागते.

मग वेळेचं निघालं. दुकानाची बैठक रविवारी, अन् आमच्याकडे रविवारी बाजार. त्यातून पऱ्हाटीची वेचणी आली की माणूस सापडत नाही. कंडक्टरभाऊनं उपाय काढला: एकच प्रत आणू अन् पोथीसारखी पारावर वाचू, एकानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. मला हे इतकं पटलं की मी तिथंच पैसे काढले.

“पण तिसरी नकोच,” गुरुजी.

“काऊन?”

“शिक्षकांची टिंगल आहे तीत.”

बाप्पाचे कान टवकारले. “हे ते रातच्या साक्षरता वर्गाचं हाय काय?”

“राष्ट्रीय साक्षरता मिशन, 5 मे 1988,” पोट्टा.

“थांबा थांबा! गुर्जी, आमच्या आजीचं नाव तुमच्या रजिस्टरात होतं ना? तिले तवा मोतीबिंदूनं ताटातली भाकर दिसत नव्हती, अन् तुमी तिले पास केलं!”

“वरून आदेश होते.” गुरुजींचा आवाज पहिल्यांदाच पाठ्यपुस्तकातून बाहेर आला.

“अंगठा तरी तिचाच होता काय?”

“बाप्पा, तुले हसाले पायजे होतं ना? मंग हेच पयले घेऊ,” कंडक्टरभाऊ म्हणाला.

“अन् वर्गाचा कंदील? तो तर तुमच्या गोठ्यात लटकत होता!”

“तो मी पंचायतीला परत दिला,” गुरुजी तडकले.

“कवा?”

“फुटल्यावर,” गुरुजी म्हणाले अन् सगळ्यांच्या आधी तेच हसत सुटले.