चिनी पोरांचं इंग्रजी लिसनिंग ही घोकंपट्टी आहे का? एका कॉमेंटला उत्तर

सर, नमस्कार. कॉमेंट नीट वाचली. उत्तर तिथल्या तिथे लिहायला घेतलं पण ते लांबतच गेलं, म्हणून वेगळं टाकतेय.

ज्यांनी मागची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी इथे दक्षिण चीनमधल्या ग्वांगझो शहरात शेजारपाजारच्या हायस्कूलच्या मुलांबरोबर इंग्रजी लिसनिंगच्या सरावाला अधूनमधून बसते, आणि मी लिहिलं होतं की एक-दीड मिनिटाचा एकच तुकडा परत परत ऐकून शब्दन् शब्द लिहून काढायची त्यांची जी पद्धत आहे ती मला पटते. त्यावर सर, जे स्वतः निवृत्त इंग्रजी शिक्षक आहेत, त्यांचं म्हणणं असं: ही घोकंपट्टीच आहे फक्त कानाने केलेली, एवढे मार्क पाडून चिनी माणसाला विमानतळावर साधा प्रश्न विचारला तर कळत नाही, त्यापेक्षा मुलांना सिनेमे दाखवा, गोऱ्या माणसाशी बोलू द्या, भाषा आपोआप येते. आणि शेवटी, जिथे एका पेपरसाठी आकाशातली विमानं थांबवतात त्या वेड्यांकडून आपल्या मुलांनी काय शिकायचं.

विमानांचं आधी मिटवून टाकू. ते दक्षिण कोरियात. तिथे नोव्हेंबरमध्ये कॉलेज प्रवेशाची जी मोठी परीक्षा असते तिच्या इंग्रजी लिसनिंगच्या वेळी साधारण ३५ मिनिटं विमानं उडू-उतरू देत नाहीत. चीनची परीक्षा म्हणजे गाओकाओ, ती ७ जूनला सुरू होते, इंग्रजी ८ तारखेला दुपारी ३ वाजता, आणि लिसनिंग पेपरच्या सुरुवातीलाच असल्यामुळे पावणेतीननंतर आलेल्या मुलाला बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत. केंद्राच्या आसपास हॉर्न बंद, बांधकामं बंद, पोलीस उभे. पण विमानं चालू असतात. वेडे म्हणायचं तर खुशाल म्हणा, फक्त ज्याचं वेड त्याच्या नावावर टाका.

आता घोकंपट्टी. न समजता पाठ करणं म्हणजे घोकंपट्टी ना सर? मग इथे पाठ काय केलं जातं ते मला सांगा. मुलगी वाक्य ऐकते, ऐकू आलं तसं लिहिते, अडते, मागे जाऊन परत ऐकते, आणि शेवटी छापील मजकुराशी ताडून बघते की तिथे खरं काय होतं आणि आपल्या कानाने काय धरलं. उद्या तुकडा वेगळा असणार आहे, आजचा पाठ करून काही मिळत नाही. इकडे याला चिंगथिंग म्हणतात, बारकाईने ऐकणं. सैलपणे, येता-जाता ऐकायचं ते फानथिंग. दोन्ही करतात, मी त्यातल्या पहिल्याबद्दल लिहिलं होतं.

आणि हे का लागतं, तर या मुलांची गोची शब्दांची नाहीच. हायस्कूल संपेपर्यंत अभ्यासक्रमात ३००० च्या आसपास शब्द असतात आणि पोरं ते खरंच करतात, स्पेलिंगसकट, चिनी अर्थासकट. पण सगळं डोळ्याने केलेलं. कानाची त्या शब्दाशी ओळखच झालेली नसते. शेजारच्या मुलीने एकदा "आय शुड हॅव टोल्ड हिम" हे वाक्य ऐकून काय लिहिलं माहितीये? "आय शुड टोल्डम". आणि मग ती टोल्डम हा शब्द डिक्शनरीत शोधत बसली! पाचही शब्द तिला कधीपासूनचे माहीत आहेत, कागदावर दाखवले असते तर तिने झोपेत अर्थ सांगितला असता, पण बोलणारा माणूस हॅवचा नुसता "व" ठेवतो, हिमचा "ह" खाऊन टाकतो आणि उरलेलं मागच्या शब्दाला चिकटवतो हे तिला कुणी ऐकवलंच नव्हतं. हे सिनेमा बघून आपोआप कळेल म्हणता, मला नाही वाटत. कुणीतरी त्या जागेवर थांबवावं लागतं.

त्यात चिनी कानाच्या स्वतःच्या अडचणी आहेत. मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, अक्षराच्या शेवटी स्वर तरी येतो नाहीतर न, ङ, आणि बीजिंगकडे तो र. बास. शेवटी ट, ड, क, प असं काही नाहीच, त्यामुळे इंग्रजी शब्दाचं शेपूट त्यांच्या कानावर पडतं पण नोंदवलं जात नाही. (कॅन्टोनीज, म्हणजे आमच्या ग्वांगझोकडची बोली, तिच्यात शेवटी प, ट, क, म आहेत, पण प-ट-क अर्धवट गिळलेले. घरी कॅन्टोनीज बोलणारी इथली पोरं "कॅट", "टॉप" बऱ्यापैकी धरतात असं मला दिसतं, पण "आस्क्ट" सारखं गाठोडं आलं की त्यांचीही विकेट जाते.) वर चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही, मग वॉक आणि वॉक्ट मधला तो शेवटचा ट कुणी कशाला ऐकेल, तो ऐकायची गरज आयुष्यात पडलेलीच नाही. "कॅन" आणि अमेरिकन "कॅन्ट" ची तीच गत, आणि अख्खं उत्तर तेवढ्यावरच उलटतं. तिसरा गोंधळ ही आणि शी चा, बोलीत दोघांनाही "था" च. गोष्ट ऐकून परत सांगायची असली की सुरुवातीची बाई मध्यात पुरुष होते आणि शेवटी परत बाई, सांगणाऱ्याला पत्ताही नसतो.

आकडे तर विचारूच नका. त्यांचं मोजमाप दहा हजाराच्या टप्प्याने, म्हणून "थ्री हंड्रेड थाउजंड" ऐकलं की डोक्यात आधी तीस "वान" (एक वान म्हणजे दहा हजार) करायचे आणि तोवर पुढचं वाक्य निघून जातं. हे आपल्याला पटकन कळायला हवं, आपणही मनात तीन लाख करतोच की.

सर, तुमच्या विमानतळाच्या मुद्द्यात मात्र दम आहे आणि तिथे मी तुमच्याच बाजूची आहे. फक्त दोष चुकीच्या माणसाला लागतोय. बहुतेक शाळांमध्ये लिसनिंगचा सराव म्हणजे काय, तर अख्खा पेपर वाजवायचा, उत्तरं तपासायची, मार्क मांडायचे, दुसऱ्या दिवशी पुढचा पेपर. याला मी शिकवणं म्हणणार नाही. रोज थर्मामीटर लावून ताप उतरत नसतो. देशपातळीवरच्या पेपरात १५० पैकी ३० मार्क लिसनिंगला, २० प्रश्न, प्रत्येकी दीड मार्क, तीन पर्याय. पहिले ५ छोटे संवाद एकदाच वाजतात, पुढचे मोठे दोनदा. साचा इतका ठरलेला की सुरुवातीला जो नमुना प्रश्न वाजतो, शर्टाची किंमत किती, उत्तर ९ पौंड १५ पेन्स, पर्याय सी, तो चीनमधल्या पिढ्यांना तोंडपाठ आहे, त्यावर ढिगाने मीम्स आहेत. आणि शिक्षक सांगतात की तो शर्ट चालू असताना ऐकू नका, तेवढ्या वेळात पुढचे प्रश्न वाचून घ्या! युक्ती म्हणून शंभर टक्के बरोबर आहे. पण नुसत्या युक्त्यांवर वाढलेला मुलगा पर्याय समोर नसतील तर गडबडतो, आणि विमानतळावर ए-बी-सी कोण देणार. तर तुम्हाला भेटलेला माणूस हा त्या रोज एक पेपरवाल्या पद्धतीचा आहे, मी ज्याबद्दल लिहिलं त्याचा नाही. तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात घातलेत एवढंच माझं म्हणणं.

शिवाय सरकारला हे दिसत नाही असंही नाही. आमच्या ग्वांगडोंग प्रांतात २०११ पासून लिसनिंग जूनच्या पेपरात नसतंच, ते कॉम्प्युटरवर बोलण्याबरोबर वेगळं होतं, आता २० मार्कांचं. आधी छोटा व्हिडिओ बघून त्याच वेगात वाचायचं, मग चिनीत दिलेले तीन प्रश्न इंग्रजीत विचारायचे, मिळालेली उत्तरं लक्षात ठेवून पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि शेवटी ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. इथे पर्यायावर टिक मारून सुटका नाही, ऐकलेलं डोक्यात टिकलं तरच तोंडातून येईल. बीजिंगने तर ऐकणं-बोलणं मिळून ५० मार्क ठेवलेत आणि दोनदा संधी. मला विचाराल तर ग्वांगडोंगची परीक्षा जास्त प्रामाणिक आहे, जरी हॉलमध्ये शेजारचे सगळे एकाच वेळी बोलत असतात आणि हेडफोनमधूनही त्यांचा कालवा येतो अशी पोरांची कायमची तक्रार असली तरी.

सिनेमांचं. बघावेत, जरूर बघावेत, कोण नाही म्हणतं. पण खाली चिनी सबटायटल चालू असताना जे चालतं ते चिनी वाचन आहे, इंग्रजी मागे वाजत असतं. सबटायटल बंद केली तर ही मुलं दहा मिनिटांत थकतात, कारण तो वेग, ती बोली, वर पार्श्वसंगीत, हे त्यांच्या पातळीच्या फार वर आहे. आणि वेळ कुठून आणायचा? शेवटच्या वर्षाची मुलं संध्याकाळच्या अभ्यासिकेतून साडेनऊ-दहाला सुटतात. सैल ऐकायला त्यांच्या बापाच्या पिढीने व्हॉइस ऑफ अमेरिकाचं स्पेशल इंग्लिश वापरलं, ते १९५९ मध्ये सुरू झालं, मोजके दीड हजार शब्द आणि नेहमीच्या दोन-तृतीयांश वेगाने वाचलेल्या बातम्या. ते सुरुवातीला चांगलंच आहे, भीती जाते. पण सावकाश वाचलं की शब्द सुटे होतात, "टोल्डम" तिथे भेटतच नाही. म्हणूनच प्लेअरचा स्पीड कमी करायला मी मुलांना मना करते. तुकडा छोटा घ्या, वेग तोच ठेवा.

गोऱ्या माणसाशी बोलण्याचाही प्रयोग इथे दणक्यात होऊन गेलाय. २०१३ मध्ये निघालेल्या व्हीआयपीकिडसारख्या कंपन्या अमेरिका-कॅनडातले शिक्षक स्क्रीनवर आणून चिनी मुलांना शिकवत होत्या, मुख्यतः लहान वयाच्या. जुलै २०२१ मध्ये सरकारने क्लासेसवर जे निर्बंध आणले त्यात परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून असं शिकवून घ्यायलाच बंदी आली आणि तो धंदा बसला. आणि तो चालू असता तरी सर, समोरासमोर बोलताना चेहरा दिसतो, हातवारे दिसतात, "पार्डन" म्हणता येतं, समोरचा मास्तर असेल तर स्वतःच सोपं करून बोलतो. रेकॉर्डिंग हे काही करत नाही. दोन्ही वेगळी कामं आहेत, एकाने दुसरं भागत नाही.

आपल्या मुलांचं तुम्ही विचारलंत. महाराष्ट्रात मराठी माध्यमाला २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण कानाला त्यातलं किती मिळतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. आपल्या पोरांना शेवटचा ट-क-ड ऐकू येतो, ती अडचण नाही, आपल्याकडे घाट, वाक, पाड सगळं आहे. पण शब्द खाऊन जोडून बोललेलं इंग्रजी आलं की आपणही त्या मुलीइतकेच बावचळतो, आणि फिफ्टीन की फिफ्टी हा घोळ तर आपलाही, कारण त्यात जोर कुठे पडला ते ऐकायचं असतं आणि मराठीत तसा जोरावरून शब्द बदलत नाही.

नातवावर करून बघायचं असेल तर मोठा तामझाम नको. ज्याचा लिखित मजकूर हाताशी आहे असा एक मिनिटाचा तुकडा घ्या. पहिल्यांदा नुसता ऐकून काय चाललंय ते मराठीत सांगू दे, चालतं. मग वाक्यावाक्याला थांबवून लिहू दे, एका वाक्याला चारपाच वेळापेक्षा जास्त नको, अडलं तर जागा मोकळी सोडून पुढे. मग मजकूर द्या आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायला लावा: शब्दच माहीत नव्हता, की माहीत होता पण ओळखू आला नाही, की ऐकला आणि वाक्य संपेपर्यंत विसरला. पहिल्याला शब्दसंग्रह हे औषध, तिसऱ्याला जास्त ऐकणं. दुसऱ्या प्रकारच्या चुका एका वहीत वेगळ्या लिहायच्या आणि बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच्याच वेगात, तोंडाने म्हणायच्या. जो आवाज स्वतःच्या तोंडातून एकदा निघाला तो कान पुढच्या वेळी सोडत नाही, असा माझा तरी अनुभव आहे. पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून तीनचार दिवस. आणि हेडफोन नको, साध्या स्पीकरवर लावा, पंखा चालू ठेवून, म्हणजे आजूबाजूच्या आवाजात ऐकायची सवय होईल.