पाइपचा गॅस खरंच ‘आपला’ आहे का?

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतोय: ‘पाइपने येणारा गॅस बॉम्बे हायचा. सिलिंडर परदेशी, पाइप स्वदेशी. आखातात काहीही होवो, आपल्याला फरक पडत नाही. दरवाढ म्हणजे निव्वळ लूट.’ वाचायला बरं वाटतं, पण यातलं निम्मंच खरं आहे.

सिलिंडरचं म्हणणं बरोबर आहे. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी साधारण 60 टक्के आयात होतो.

‘पाइप स्वदेशी’ मात्र पुरतं खरं नाही. मुंबईजवळच्या समुद्रातलं बॉम्बे हाय हे तेल-वायू क्षेत्र 1974 मध्ये सापडलं. तिथला आणि शेजारच्या वसई क्षेत्रातला गॅस उरण आणि हजीऱ्याला उतरतो, हे खरं. पण ही क्षेत्रं आता जुनी झाली, आणि मागणी कितीतरी वाढली. आज देशात वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा परदेशातून एलएनजी होऊन, म्हणजे अतिथंड करून द्रवरूपात, जहाजाने येतो. गुजरातमधल्या दहेजला 2004 पासून कतारचा गॅस उतरतोय, आणि कतारहून समुद्रमार्गे बाहेर पडायचं तर आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीखेरीज वाट नाही.

मग मुंबईत फरक पडत नाही असं का वाटतं? कारण सरकार देशी स्वस्त गॅस घरगुती जोडण्यांना आधी देतं. तुटवड्याची झळ पहिल्यांदा सीएनजीला बसते. 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शहरांच्या गॅस कंपन्यांचा हा स्वस्त वाटा कापला गेला. तूट महाग गॅसने भरावी लागली आणि मुंबईत सीएनजीचा दर चढला. आपल्या शेगडीला जे जाणवत नाही, ते रिक्षावाला रोज पंपावर मोजतो. हा मजकूर त्याला विसरतो, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

शिवाय देशी गॅसचा भावही आखातापासून सुटलेला नाही. एप्रिल 2023 पासून जुन्या क्षेत्रांतल्या गॅसची किंमत भारत घेतो त्या कच्च्या तेलाच्या सरासरी भावाच्या 10 टक्के ठरते. त्यावर कमाल मर्यादा आहे, म्हणून तेल भडकलं तरी झळ मर्यादित राहते. पण तेल स्वस्त झालं की हा भावही खाली येऊ शकतो, हेही लक्षात ठेवावं.

‘समुद्रात अफाट साठे आहेत, दडवून ठेवलेत,’ अशीही पुस्ती कुणीतरी जोडलीय. आंध्रच्या किनाऱ्यालगत समुद्रात असलेल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-6 या गॅस क्षेत्रातून 2009 मध्ये उत्पादन सुरू झालं तेव्हा अशाच आशा होत्या. काही वर्षांतच ते कोसळलं. जमिनीखालच्या साठ्याचा अंदाज म्हणजे पाइपमध्ये आलेला गॅस नव्हे.

कंपन्यांच्या नफ्यावर प्रश्न जरूर विचारा. त्याबरोबर आपल्या दाभोळचंही विचारा. तिथलं एलएनजी टर्मिनल, म्हणजे जहाजातून हा द्रव गॅस उतरवून घेण्याचं ठिकाण, 2013 मध्ये सुरू झालं. पण लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्याने ते वर्षानुवर्षं पावसाळ्यात बंद राहिलं. आपल्याच किनाऱ्यावरचं हे काम इतकी वर्षं का रखडलं?