‘अर्धवट अभ्यास’वाल्या वाचकांना उत्तर

आदरणीय वाचक, सलाम.

बायबलमध्ये इस्राएलाच्या वडीलधाऱ्यांनी रामा इथे येऊन संदेष्टा शमुवेलाकडे राजा मागितला, ते पाप होतं असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “अनुवाद (बायबलमधलं एक पुस्तक) १७ मध्ये देवानेच राजाची तरतूद केली होती, मग राजा मागणं पाप कसं? अर्धवट अभ्यास करून लोकांना शिकवू नये.” त्याखाली आणखी तीन मुद्दे : संदेष्टा होशेय, देवाने दावीद राजाला दिलेलं वचन आणि अहाब राजाने बळकावलेला नाबोथाचा द्राक्षमळा. नाव मात्र लिहिलं नाहीत.

आधी चूक कबूल. लेखात नाबोथाचा मळा मी शोमरोन या राजधानीत नेऊन ठेवला. तो इज्रेलात होता, अहाबाच्या वाड्याला लागून. दुरुस्ती केली आहे. झालं समाधान?

आता ‘अर्धवट’. माझे आजोबा चर्चचे पाळक. रात्री जेवणं झाली की कंदिलाशी बसून शास्त्र वाचत. पुस्तकाची शिवण उसवलेली, सुतळीने बांधलेली. १ शमुवेल ८, म्हणजे राजा मागितल्याचा हाच अध्याय, आला की प्रत्येक ‘घेईल’ला पाटावर बोट आपटायचे. राजा तुमचे मुलगे रथांसाठी घेईल, मुली सुगंधी तेलं करायला आणि भाकऱ्या भाजायला घेईल, शेतं घेईल, जैतुनाचे मळे घेईल, कळपाचा दहावा हिस्सा घेईल. “मोज रे,” म्हणायचे. मी बोटांवर मोजायचो, आणि झोप यायच्या आत नेहमी चुकायचो.

पुढे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांनी जमिनीचा एक तुकडा परस्पर विकला. त्या रविवारी आजोबांनी उपासनेत हाच अध्याय वाचला. संदेश दिलाच नाही, नुसता अध्याय वाचला आणि खाली बसले. महिन्याभरात आमचं बिऱ्हाड बैलगाडीत होतं. पितळी हंडा माझ्या मांडीवर होता. ज्या घराने या अध्यायाची किंमत मोजली, त्या घरातल्या माणसाला आपण ‘अर्धवट’ म्हणता? वयाने आपण लहान असाल असं धरून चालतो. शंका असेल तर विचारावी. अशी दटावणी आमच्याकडे शब्बाथशाळेतल्या पोरांनाही कोणी करत नव्हतं.

राहता राहिला अनुवाद १७. तिथली सुरुवातच ‘तुम्ही म्हणाल, भोवतालच्या राष्ट्रांसारखा राजा आम्हांलाही हवा’ अशी आहे. मागणी लोकांची. मग राजाला लगाम किती! घोडे फार नकोत, बायका फार नकोत, सोनं-चांदी फार नको, आणि नियमशास्त्राची प्रत काढून जन्मभर वाचायची. आणि दावीदाचा मुलगा शलमोन राजा झाला, तर त्याचे रथ १,४०० आणि राण्या ७००. ‘त्यांनी तुला नाही, मला नाकारलं’ हे देवाने शमुवेलाला सांगितलं, मी नाही.

होशेय तर म्हणतो की देवाने रागाच्या भरात राजा दिला. तो साक्षीदार माझा, आपण कशाला उभा केलात? दावीदाच्या वचनावर पुन्हा कधीतरी.

यहोयाकीम राजापुढे संदेष्टा यिर्मयाच्या वचनांची गुंडाळी वाचत होते, तेव्हा तीन-चार रकाने झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापून शेगडीत टाकायचा. आपण माझा लेख तसाच वाचलात. तुलना जरा जास्त झाली, पण खोडत नाही. यिर्मयाने आपला लेखनिक बारूख याच्याकडून ते सगळं पुन्हा लिहून घेतलं, वर आणखी भर घातली. माझा दुसरा भाग रविवारी येतोय. नाव लिहून या.